वडील कंपनीत, आई कारखान्यात

तुमच्या घरात वर्षाला किती पैसे येतात, हे तुम्ही शेजाऱ्यासमोर मोठ्याने सांगाल का?

उत्तर घाईने देऊ नका. शेजारी म्हणजे कुणी परका नव्हे. ज्याच्या घरचं फराळाचं ताट तुमच्याकडे येतं, ज्याने तुमच्या मुलीचं स्थळ आणलं, नवी मोटारसायकल हप्त्यावर घेतलीय हे ज्याला तुम्ही कळू दिलं नाहीत, तो शेजारी. त्याच्या देखत, सरकारी माणसासमोर, आपण किती कमी कमावतो ते सांगायचं आणि हे खरं आहे म्हणून त्याच शेजाऱ्याची सही घ्यायची.

जमेल?

शिष्यवृत्ती मिळवायची तर हजारो आईबापांना हे जमवावं लागतं. श्रीमंताला आपली श्रीमंती कुणापुढे सिद्ध करावी लागत नाही, ती दारात उभी असते. गरिबाने मात्र आपली गरिबी कागदावर आणून दाखवायची. मी पेणच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते आणि रोज हेच कागद बघते. तरी अजून मला याची सवय झालेली नाही. होऊही नये.

माझं काम बाहेरच्या माणसाला सांगायला सोपं आहे. मुलाला प्रवेश मिळतो. फी जास्त असते. ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असेल, तर ती फी सरकार पूर्ण किंवा काही अंशी भरतं. त्यासाठी पोर्टलवर अर्ज करायचा, त्याला दाखले जोडायचे. जातीचा, रहिवासाचा, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे उत्पन्नाचा. मी ते तपासते, चूक असेल तर मुलाला बोलावते, बरोबर असेल तर पुढे पाठवते. चुका बहुतेक नावाच्या असतात. शाळेच्या दाखल्यावर म्हात्रेचं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. एकदा एका मुलाला शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि पैसे कुठे गेले ते कळेना. शेवटी ते सापडले त्याच्या पाचवीतल्या खात्यात. गुरुजींनी गणवेशासाठी उघडून दिलेलं खातं, आधार त्याला जोडलेलं. मुलगा म्हणाला, "ताई, गुरुजी अजून माझ्यावर लक्ष ठेवून हायत!"

अशा चुका मला आवडतात. त्या सुटतात. न सुटणाऱ्या चुका असतात त्या शब्दांच्या, आणि त्या आमच्या भागातच होतात.

मी मूळची रोह्याची. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. आईबाबा दोघेही कामगार संघटनेत, त्यामुळे मी वाचायला शिकले ती "बंधुभगिनींनो" या शब्दावरून. कंपन्यांच्या गेटवर आईबरोबर पत्रकं वाटली, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. साहजिकच या टेबलावर बसल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल? पत्रक काढलं. वर ठळक अक्षरात: "शिष्यवृत्ती भीक नव्हे, हक्क आहे!" खाली लागणाऱ्या कागदांची यादी. गठ्ठा टेबलावर ठेवला. आठवड्याने बघते तर गठ्ठा तेवढाच. मित्रमैत्रिणींच्या देखत ते पत्रक उचलणं म्हणजे आमच्या घरी पैसे नाहीत असं ओरडून सांगणं, हे मला एका मुलीने हळूच येऊन सांगितलं. मग मी तेच पत्रक सगळ्या वर्गांत सगळ्यांना वाटलं, गरीब-श्रीमंत न बघता. हक्क असाच वाटायचा असतो. पुढच्या दोन दिवसांत टेबलासमोर रांग लागली.

तर शब्द. आमच्या खाडीकडच्या मुसलमान वस्त्यांमध्ये एक शब्द आहे, "बाहेर". "अब्बा काय करतात?" "बाहेर असतात." याचा अर्थ आखाती देशात, हे इथे पोरालाही कळतं. नाझनीन नावाची एक हुशार मुलगी माझ्याकडे आली होती. तिचे अब्बा बाहेर होते, ड्रायव्हर. ज्या मालकाकडे होते त्याचा धंदा बसला आणि तिथेच मिळेल ते काम करत, परतीच्या तिकिटाची वाट बघत ते अडकून पडले होते. घरी काही येत नव्हतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याने चौकशी ठेवली, पंच बोलावले. पंच म्हणजे शेजारीच. दोघांनीही सही केली नाही. "बाप बाहेर, आणि पोरीला स्कॉलरशिप? उद्या आमच्यावर आलं तर?" ते वाईट नव्हते. त्यांना फक्त तो शब्द दिसत होता. तिसरा पंच शोधेपर्यंत मुदत संपली.

"ताई, बाहेर म्हटलं की लोकांना सोनंच दिसतं," नाझनीन म्हणाली. ती आता घरीच लहान मुलांच्या शिकवण्या घेते. रोह्याच्या बाजारात भेटली की विचारते, "पोर्टल चालू हाय का वो ताई?" आणि आम्ही दोघी हसतो. त्यातलं माझं हसणं खरं नसतं.

त्यानंतर माझ्यासमोर सायली उभी राहिली. फार्मसीचं पहिलं वर्ष, कासूच्या आतल्या बाजूचं गाव. गणपती नुकतेच झाले होते. पेणमध्ये शिष्यवृत्तीची खरी गर्दी गणपतीनंतरच, कारण त्याआधी निम्मी मुलं मूर्ती रंगवायला जातात. हातात उत्पन्नाच्या दाखल्याचा परत आलेला अर्ज. त्यावर शेरा होता: "आई-वडील दोघेही नोकरीत. पगाराचे दाखले जोडावेत."

"सेवा केंद्रात काय सांगितलंस तू?"

"त्यांनी विचारलं, वडील? मी सांगितलं, कंपनीत. आई? कारखान्यात."

मी कपाळाला हात लावला. तलाठी घाटावरून नुकतेच बदलून आले होते. मी त्यांना फोन केला.

"साहेब, त्या मुलीची आई नोकरीत नाही. कारखान्यात जाते."

"मग तेच की मॅडम. कारखान्यात म्हणजे नोकरीच. कुठला कारखाना? गाळप किती?"

"गाळप नाही हो. गणपतीचा कारखाना."

"गणपतीच्या नावाचा?"

"गणपती करतात तो कारखाना, साहेब. पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचाच. त्या मूर्तींना रंग देतात, हंगाम संपला की काम संपलं."

ते मोठ्याने हसले. "आमच्याकडं कारखाना म्हटलं की साखरेचा! मी म्हटलं, इथं ऊस कुठं लपवलाय? बरं, आईचं मिटलं. मग वडिलांची कंपनी पण गणपतीचीच का?"

"नाही. ती खरी कंपनी आहे."

"मग पगाराचा दाखला लागेल."

आता कंपनी हा शब्द. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही गावात जा. "काय करतात?" "कंपनीत." हे उत्तर ऐकलं की माणूस चटईवरून खुर्चीवर जातो. पण कंपनीत दोन प्रकारची माणसं जातात. एक कायम, त्यांना पगाराची स्लिप, बस, बोनस. दुसरी ठेकेदाराची. गेट तेच, धूर तोच, घाम तोच. पण स्लिप नाही, आणि काम उद्या असेल की नाही हे उद्या कळणार. लहानपणी पत्रकं वाटताना मला आई सांगायची, कोण कुठला ते विचारू नकोस, सगळ्यांना दे. तरी विचारायची एक युक्ती मला माहीत आहे. मी सायलीला विचारलं, "दिवाळीला बाबांना कंपनीतून काय मिळतं?"

"सोनपापडी."

"आणि बोनस?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ताई, बाबा कंपनीत नायत. ठेकेदाराकडं हायत. शर्टाच्या पाठीवर ठेकेदाराचं नाव हाय ना, म्हणून बाबा तो शर्ट उलटा करून वाळत घालतात."

"मग तसं सांगितलं का नाहीस?"

"घरात तसं कोण बोलतच नाय."

तिने सांगितलं ते असं. ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे बाबांनी पगाराचा कागद मागून बघितला होता. तो म्हणाला, कागद पाहिजे तर दुसरीकडे बघ. कॉलेजने शिष्यवृत्तीच्या भरवशावर फी थांबवली होती. दाखला आला नाही तर पूर्ण फी भरायची. ती भरणं शक्य नव्हतं.

"नाय झालं तर मी पॅकिंगला जाईन," सायली म्हणाली. "माझी मैत्रीण जाते. ठेकेदाराची गाडी न्यायला येते."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला टेबलावर मूठ आपटावीशी वाटली. बाप ठेकेदाराकडे, आता मुलगी ठेकेदाराकडे, आणि मध्ये काय होतं, तर एक शब्द.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. नामदेव ठाकूर. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात पिशवी. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

"मॅडम, ठेकेदाराकडं असं लिवायलाच पायजे का? नुसती मजुरी लिवली तर?"

"मजुरी लिहा, काका. पण तलाठी येऊन चौकशी करणार. तुम्हाला जबाब द्यावा लागेल आणि पंचाची सही लागेल."

"पंच म्हंजे अनंताच येणार." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "आमच्या शेजारचा, अनंत पाटील. माझ्या थोरलीचं, सोनालीचं, त्यानंच जमवलंय. गडब गावात दिलीय. साखरपुडा झाला, मे महिन्यात लगीन. त्या लोकांना मी कंपनीतच सांगितलंय. आता अनंतासमोर मी ठेकेदाराकडं हाय म्हणून बोललो, आणि त्यानं तिकडं सांगितला, तर?"

ते टेबलाकडे जरा झुकले.

"एका पोरीचं करायला जाऊन दुसरीचं मोडायचं का, तुमीच सांगा."

माझ्याकडे वाक्यं कमी नव्हती. श्रमाची लाज कसली, लाज ठेकेदाराला वाटायला हवी, अशी वाक्यं मी झोपेतही बोलू शकते. सगळी खरीच आहेत. पण समोर बसलेला माणूस सभेला आला नव्हता. आणि खरं सांगू? माझी स्वतःची नेमणूकही दरवर्षी नव्याने होते. लग्नकार्यात कुणी विचारलं की मीही "कॉलेजात आहे" एवढंच म्हणते. तेव्हा मी फक्त चौकशी कुठल्या दिवशी आहे ते सांगितलं. ते "बगतो" म्हणाले आणि उठले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "सायली हुशार हाय ना वो?"

"फार," मी म्हणाले.

चौकशीच्या दिवशी मी रोह्याला घरी जाताना कासूला उतरले. माझं काम टेबलावर संपतं, तिथे जायची मला गरज नव्हती. सायलीने या म्हटलं होतं, म्हणून गेले.

घर छोटंसं, पुढे पडवी. पडवीत वाल सोलायला घेतलेले, ते बाजूला सारून सतरंजी घातली होती. तलाठी खुर्चीवर, त्यांच्यासमोर नामदेवकाका, आणि खांबाला टेकून अनंत पाटील, उंच, पांढऱ्या मिशांचे. सायलीची आई, मंगलकाकू, दारात उभ्या. त्यांच्या नखांच्या कडांना अजून सोनेरी रंग होता. मला बघून म्हणाल्या, "ये गो बाय, बस." सायली आत होती, पण पडद्याखाली तिची पावलं दिसत होती.

तलाठ्यांनी नाव, वय, कुटुंबातली माणसं लिहून घेतली. मग विचारलं, "व्यवसाय?"

नामदेवकाका सतरंजीचं टोक सरळ करायला लागले. रस्त्याने कुणीतरी कोंबड्या हाकत चाललं होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"व्यवसाय काय लिहू?"

"कंपनीत," नामदेवकाका म्हणाले.

तलाठ्यांचं पेन कागदाला टेकलं. पडद्याखालची पावलं मागे सरकली. मंगलकाकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं.

"थांबा साहेब." नामदेवकाकांनी हात पुढे केला, जणू तो शब्द कागदावर पडायच्या आत झेलणार होते. "कंपनीत नाय. कंपनीत ठेकेदार हाय, त्याच्याकडं. हजेरीवर. काम असलं तर बोलावतात, नसलं तर नाय."

हे बोलताना ते अनंत पाटलांकडे बघत नव्हते. बाकी आम्ही सगळे पाटलांकडेच बघत होतो.

अनंत पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "मग? लिवा की साहेब. थांबलाव कशाला?"

तलाठ्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं. अनंत पाटील पुढे आले, चष्मा नव्हता म्हणून कागद लांब धरला आणि मोठ्या, वळणदार अक्षरात सही केली. तलाठी जाताना नामदेवकाकांना म्हणाले, "हे आधीच सांगायचं ना काका. पगाराचा दाखला मागितलाच नसता मी." त्यांचं बरोबरच होतं. ठेकेदार हा शब्द त्यांना स्वतःबद्दल उच्चारायचा नव्हता, म्हणून सोपा वाटत होता.

तलाठ्यांची मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली. दोघे शेजारी पडवीत उभेच.

"गडबला सांगशील?" नामदेवकाकांनी विचारलं.

"काय सांगू?"

"हेच. मी ठेकेदाराकडं हाय तां."

"अरे, तुझा व्याही कुठं साहेब लागून गेलाय?" अनंत पाटील खाली बसले, मोड आलेला एक वाल उचलून सोलायला लागले. "तो पण डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडंच हाय. साखरपुड्याआधी मला काय बोलला म्हायतीय? अनंता, त्या लोकांना कंपनीतच सांग हां."

मंगलकाकूंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

"म्हंजे तुला माझं पण ठावं व्हतं?"

"कंपनीची बस हायवेला येते नामा. तू रोज स्टेशनाकडं जातोस. मी काय आंधळा हाय?"

"मग एवढी वर्सं बोलला का नायस कधी?"

अनंत पाटलांनी सोललेले दाणे टोपलीत टाकले. "तू बोलला नायस म्हणून."

नामदेवकाका त्यांच्या शेजारी खाली बसले. दोघेही वाल सोलायला लागले, जणू त्यासाठीच आले होते. सायली बाहेर आली आणि बापाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिने फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात कुंपणापलीकडून अनंत पाटलांच्या बायकोने हाक मारली, "अवो, तलाठी कशाला आलता? तुमाला कशाला बोलावलानी?"

"चाय प्यायला," ते ओरडले.

तेव्हा कुठे मंगलकाकूंना आठवलं की चहा ठेवायचा राहिलाय.

दाखला आला, अर्ज पुढे गेला, शिष्यवृत्ती मंजूर झाली. सोनालीचं लग्न मे महिन्यात झालं. पंगतीत दोन्ही व्याही शेजारी बसले होते आणि कुणीतरी ओळख करून देताना म्हणालं, दोघेही कंपनीतच आहेत. दोघांनी मान डोलावली. अनंत पाटील समोर वाढत होते, त्यांनी दोघांच्याही पानात एकेक जिलेबी जास्त टाकली. सायली आता शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या टेबलाकडे येते, पण आता स्वतःसाठी नाही. पहिल्या वर्षाच्या कुणा बिचकलेल्या मुलीला हाताला धरून आणते आणि सांगते, "हिला विचारा ताई, दिवाळीला बाबांना काय मिळतं."

ही गोष्ट गोड झाली म्हणून मी समाधानी नाही. एखाद्या मुलीचं शिक्षण शेजाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून असावं, हे मला मान्य नाही. ठेकेदाराने माणसाला त्याच्या कामाचा साधा कागद देऊ नये, हेही मान्य नाही. त्यासाठी भांडायचं ते भांडण मी भांडतेय, आणि पत्रकं काढायचं मी थांबवलेलं नाही. पण पोर्टलची मुदत आपल्या भांडणासाठी थांबत नाही. त्या मुदतीच्या आत एखाद्या पडवीत कुणाचा तरी बाप तोंडातून शब्द काढायचा प्रयत्न करत असतो, आणि खांबाला टेकून कुणीतरी उभं असतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

म्हणून वाचकहो, मागणं एवढंच. शेजारचं कुणी तुमच्या दारात येऊन, नजर चुकवत, "जरा पंच म्हणून याल का?" असं विचारेल, तेव्हा हातातलं काम ठेवा आणि जा. जे खरं आहे त्यावर सही करा. आणि उठताना तिथे ऐकलेलं तिथेच ठेवून या.